जुन्या बिळाच्या तोंडाशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. याच्या जागी मी दुसरंच काहीतरी सांगत आलो. इतक्या जणांना, इतक्या वेळा सांगितलं, की ते दुसरं आता मला पाठ आहे. कुठे थांबायचं, कुठे सुस्कारा टाकायचा, सगळं. जे खरं घडलं ते मात्र एकदाही तोंडातून बाहेर पडलं नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे नाही. आणि ज्यांना ते सांगायलाच हवं होतं, त्या प्रभाकाकूंपुढे तर नाहीच.

तुम्हालाच का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

माझी मुलगी इरा हल्ली कुत्रा मागते. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी कुत्रा असतो. मी म्हणतो, बाबाला ॲलर्जी आहे. माझी बायको अश्विनी माझ्याकडे बघते. तिला माहीत आहे की मला कसलीही ॲलर्जी नाही.  तिला वाटतं मला टिकलीची आठवण येते. "किती जीव होता तुझा तिच्यावर," असं ती एकदा म्हणाली. मी मान हलवली. बघा — तेव्हासुद्धा मान हलवली.

टिकली प्रभाकाकूंची. पांढरी, आखूड केसांची, कान बदामी, आणि कपाळावर बरोबर मधोमध एक तपकिरी ठिपका. जॅक रसेल टेरियर. दिसायला खेळण्यासारखी, पण ही जात माणसाने मुद्दाम घडवली ती जमिनीखाली पाठवण्यासाठी. कोल्ह्याच्या बिळात शिरायचं, त्याच्यासमोर उभं राहून भुंकत राहायचं, आणि वरची माणसं खणून पोचेपर्यंत हटायचं नाही. मागे फिरणं त्या रक्तात नाहीच. काकूंना हे काही ठाऊक नव्हतं. कुणाच्या तरी घरी पिल्लं झाली, त्यांतलं एक त्यांनी आणलं. टिकली सोफ्याखाली शिरायची, गादीखाली शिरायची, काकूंच्या साडीच्या घोळात शिरायची, आणि काकू हसायच्या.

मला ठाऊक होतं. माझं कामच ते. मी नागोयात एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक होतो, विषय बिळं — टेकड्यांमधली बिळं कोण खणतं, कोण वापरतं, कोण कुणाला हुसकतं. मराठीत आपण सरसकट कोल्हा म्हणतो. इथला खरं तर खोकड, पण कोल्हाच म्हणू या. कोल्हा बीळ करतो. तो गेला की तिथे तानुकी, म्हणजे रॅकूनसारखा दिसणारा इथला रानकुत्रा येतो, नाहीतर अनागुमा, म्हणजे इथला बॅजर. तो बीळ आणखी वाढवतो. पुन्हा कधीतरी कोल्हा येतो. अशी पिढ्यान् पिढ्या वापरलेली बिळं आतून पार पोखरलेली असतात.

माझे वरिष्ठ होते ओकुदा-सान. शांत, किंचित वाकलेले, सदा टोपी घातलेले. विद्यार्थी असताना ते परदेशात होते आणि तिथे त्यांनी टेरियर बिळात सोडताना पाहिले होते. एकदा टेकडीवर ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात बसलो असताना त्यांनी मला ते सगळं सांगितलं. जुन्या बिळाचं छप्पर कुठे पातळ झालंय हे वरून कळत नाही. झाडाची मुळं कुजली की जागोजाग पोकळ्या राहतात. बोगदा मधेच इतका अरुंद होतो की कुत्रा पुढे घुसतो आणि अडकतो. मागे येता येत नाही. समोर अनागुमा असला तर तो मागच्या पायांनी माती लोटून बोगदाच बंद करतो, आणि कुत्रा त्या मातीत. आणि पट्टा? पट्टा, दोरी, काहीही ठेवायचं नाही. मुळात अडकतं. ज्यांना हे काम येतं ते गळ्यात फक्त एक घट्ट बसणारा छोटा ट्रान्समीटर बांधतात — कुत्रा कुठे आहे ते वरून कळावं म्हणून — आणि फावडी घेऊन तयार उभे राहतात.

"मी एकाला बाहेर काढलेलं पाहिलंय," ते म्हणाले. "काढायला उशीर झाला होता."  आमच्या गटात त्यांचा एकच कडक नियम होता — बिळाजवळ कुत्रा नाही.

मी ऐकलं होतं. समजलं होतं. "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो, हो, म्हणून मान हलवली होती. म्हणजे अज्ञानाची सबब माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रभाकाकूंबद्दल सांगायला हवं. काकांची नोकरी नागोयात, गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत. निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या उत्तरेला डोंगरात एक रिकामं पडलेलं जुनं घर घेतलं, थोडी भाजी लावली, आणि दोन हिवाळे काढून एके सकाळी अंगणात कोसळले. काकू परत पुण्याला जातील असं सगळ्यांना वाटलं. त्या गेल्या नाहीत. "इथली थंडी मला आवडते रे," म्हणायच्या. नागोयातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ओळख झाली, आणि माझ्या कामाची टेकडी त्यांच्या घरामागेच निघाली. मग काय — कामाच्या दिवशी दुपारचं जेवण त्यांच्याकडेच. पिठलं, इथल्या तांदळाचा चिकट भात, आणि इथल्याच मुळ्याची कोशिंबीर. इरा त्यांना आजी म्हणायची. टिकली माझा आवाज ऐकून फाटकापर्यंत धावत यायची आणि एक बारीक, वरच्या पट्टीतला आवाज काढायची — भुंकणं नव्हे, कुणी घरी आलं की काढतात तो.

त्या ऑक्टोबरात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. इथे त्यासाठी बरेच दिवस इस्पितळात ठेवतात. आठवड्याचे दिवस शेजारच्या मोरी-सान टिकलीला सांभाळणार होत्या. शनिवार-रविवार मी काकूंच्या घरी मुक्कामाला जाणार होतो. निघताना काकूंनी टिकलीला नवा पट्टा घातला. गळ्याचा नाही, छातीभोवती बसणारा, लाल. आतून काचू नये म्हणून त्यांनी त्याला जुन्या साडीचा काठ शिवला होता.

"हा काढू नकोस हं मंदार. काढलास की ती सटकते."

"नाही काढत, काकू. तुम्ही निवांत जा."

आता टेकडीवरच्या त्या बिळाकडे येतो. यायलाच हवं.

हिनोकीच्या झाडांखाली, उताराच्या पोटात ते होतं. अनेक तोंडं. ओकुदा-सान गमतीने त्याला 'मान्शोन' म्हणायचे. इथे फ्लॅटच्या इमारतीला तोच शब्द आहे. त्यांच्या मते ते आता रिकामं होतं. तिथे लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यात मला बिळाच्या तोंडाशी कोल्ह्याचा फोटो मिळाला होता. बैठकीत मी म्हणालो, आत कोल्हा राहतोय. ओकुदा-सान सौम्यपणे म्हणाले, "मंदार-सान, दारासमोरून गेलेला माणूस त्या घरात राहतोच असं नाही." कुणीतरी हसलं. हसणंही मोठं नव्हतं. पण मला ते लागलं. मी म्हणालो, "दाखवतो."

एवढ्यासाठी. तुम्हाला वाटत असेल काहीतरी मोठं कारण असेल. नव्हतं. कुणीतरी हसलं, एवढंच.

रविवारी सकाळी चहा घेऊन मी टिकलीला फिरायला नेलं. वायरच्या टोकाला कॅमेरा असतो तो बरोबर होता, पण बिळातल्या पहिल्याच वळणावर तो अडला. टिकली तोंडाशी उभी. एक पाय वर उचललेला, शेपटी ताठ, सगळं अंग थरथरत होतं. सोफ्याखाली शिरणारी टिकली ती नव्हतीच. आणि माझ्या मनात आलं — ती आत जाऊन भुंकली तर आत कुणीतरी आहे. कुणीच नसेल तर भुंकणार नाही, वास घेऊन परत येईल. एक मिनिटाचं काम. आणि दोरी आहे ना. पिशवीत मोजमापाला वापरतो ती निळी नायलॉनची लांब दोरी होती. ती मी पट्ट्याला बांधली. काही झालं तर ओढून घेऊ.

दोरी बांधताना ओकुदा-सानांचं बोलणं आठवलं नाही का? आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तरी गाठ मारली.

मी हात सैल केला आणि ती गेली. दोरी सरसर आत जात राहिली. मग माझ्या पायाखाली भुंकणं सुरू झालं. तुम्ही कधी जमिनीखालून आलेलं भुंकणं ऐकलंय? ते कानांनी ऐकू येत नाही, पावलांना कळतं. ते उताराखालून वर सरकत गेलं आणि एका जागी स्थिरावलं. आत कुणीतरी होतं! मी बरोबर होतो! मी हसलो. खरंच हसलो, एकटाच, मोठ्याने. फोन काढून तो आवाज रेकॉर्डसुद्धा केला — बैठकीत ऐकवायला.

मग आवाज बदलला. मधेच एक केकाटणं. दोरी ताणली गेली. मी हाक मारली. दोरी थोडी ढिली झाली, पुन्हा ताठ. मी ओढली. आली नाही. कुठल्या तरी मुळाला वेढा बसला असणार, हे मला कळत होतं. ओढलं तर वेढा आणखी आवळणार, हेही कळत होतं. तरी उताराला पाय रोवला आणि दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून ओढलं.

गादीवर कुणी जड माणूस बसावा तसा आवाज झाला. बस, तेवढाच. माझ्यापासून थोडं वर, उतारावर, थाळीएवढी जमीन पानांसकट खाली बसली. बिळाच्या तोंडातून कोरड्या मातीची धूळ बाहेर आली, आणि त्यानंतर काहीच नाही. पाखरंही ओरडत नव्हती, की मला ऐकू येत नव्हतं, देव जाणे.

मी खणलं. ते तरी केलं. हातांनी, मग पिशवीतल्या खुरप्याने. जितकी माती काढावी तितकी वरून घसरत होती. "टिकली, ए टिकले" — माझा आवाज माझ्याच कानांना परका वाटत होता. नखांतून रक्त आलं. आणि मग मी फोन काढला.

ओकुदा-सान तासाभरात येऊ शकले असते. फावडी, माणसं, काय कुठून खणायचं याची माहिती, सगळं त्यांच्याकडे होतं. मी नंबर लावला. त्यांनी लगेच उचलला. मागे टीव्ही चालू होता, त्यांची बायको काहीतरी विचारत होती. रविवारची सकाळ.

"मंदार-सान? काय झालं?"

काय झालं, असं त्यांनी स्वतःहून विचारलं. रस्ता मोकळा करून दिला होता त्यांनी माझ्यासाठी. आणि मी म्हणालो, "सुमिमासेन, सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. उद्या कॅमेऱ्याच्या नव्या बॅटऱ्या मिळतील का?"

ते म्हणाले, मिळतील. म्हणाले, रविवारीसुद्धा काम करता, विश्रांती घेत जा. मी आभार मानले. वाकलोसुद्धा — टेकडीवर, एकटा, फोनपुढे वाकलो.

फोन ठेवल्यावर मी स्वतःकडे बघत राहिलो. हा कोण माणूस? हे कुणी केलं? मला आजही तो क्षण आठवला की धक्काच बसतो, जसा दुसऱ्याच्या वागण्याने बसतो तसा. बीळ, कुत्रा, दोरी हा सगळा मूर्खपणा होता असं म्हणता येईल. पण तो फोन? तो मूर्खपणा नव्हता. तिथे मी नीट विचार करून तोंड उघडलं होतं.

मग मी मनाशी ठरवलं की टिकली मेली. एवढी माती, एका क्षणात गेली असणार. हात जाईल तितका आत घालून दोरी कापली, तोंडावर पानं ओढली, खाली आलो. रेकॉर्डिंग पुसलं. आणि संध्याकाळी काकूंना इस्पितळात फोन केला.

"काकू, टिकली सुटली."

"सुटली म्हणजे?"

"दार सरकवलं आणि पायांतून गेली. रस्त्याच्या बाजूला. मी दिवसभर शोधतोय."

 मग त्या म्हणाल्या, "अरे, तू रडतोयस का? रडू नकोस रे राजा. येईल ती. पोटात कावळे ओरडले की येईल. तू जेवलास का?"

मी रडत होतो हे खरं. त्या माझीच समजूत काढत होत्या.

पुढचं तुम्ही ओळखाल. कुत्रा हरवल्याची पत्रकं मीच छापली. टिकलीचा फोटो मीच निवडला, कपाळावरचा ठिपका नीट दिसेल असा. कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काचेवर लावली, स्टेशनवर लावली. गावातल्या खांबांवर भूकंपाची सूचना द्यायचे भोंगे असतात. त्यांवरून एका बाईच्या शांत आवाजात सांगितलं गेलं — पांढरी, छोटी, लाल पट्टा. सगळी दरी ते ऐकत होती. मोरी-सान रोज घंटी वाजवत फिरायच्या. लोक मला थांबवून म्हणायचे, तुम्ही फार मेहनत घेताय.

काकू ठरल्यापेक्षा आधी घरी आल्या, डॉक्टरांशी भांडून. काठी घेऊन निघायच्या. रस्ता नाही, टेकडी. "ती रस्त्याकडे गेली" असं मी परोपरीने सांगत होतो, आणि त्यांचे पाय मात्र टेकडीकडे वळायचे. "तिला झाडीच आवडायची रे." एक दिवस उताराच्या पायथ्याशी त्या घसरल्या. मोरी-सानना त्या तिथेच सापडल्या, ओल्या पानांत बसलेल्या, आणि तशाही हाका मारत होत्या. नवा गुडघा पुन्हा उघडावा लागला. त्यानंतर त्या नीट चालल्या नाहीत. डोंगरातल्या घरात एकटीने राहणं संपलं. काकांच्या वाफ्यातली कांद्याची रोपं मोरी-सानच्या अंगणात गेली, आणि काकू नागोयात एका भाड्याच्या खोलीत आल्या, पुण्याला भावाकडे जायचं ठरेपर्यंत.

वसंतात ओकुदा-सान आणि मी त्या बिळाकडे गेलो. मला टाळता आलं नाही. ढासळलेला भाग कुणीतरी पुन्हा खणला होता. अनागुमाच असणार, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग होता. त्या ढिगात लाल काहीतरी दिसत होतं. ओकुदा-सान वाकले. त्यांनी तो पट्टा उचलला, बोटांनी माती झाडली, साडीचा काठ दिसला. बाजूला दोन-तीन बारीक हाडं. आणि त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर निळ्या दोरीचा एक तुकडा.

मी त्या तुकड्यावर बूट ठेवला.

ओकुदा-सान हात जोडून डोळे मिटून उभे होते आणि मी एका पायावर भार देऊन उभा होतो. ते पुढे गेले तेव्हा तुकडा खिशात घातला. मंगळवारी आमच्याकडे जळणारा कचरा नेतात, त्यात टाकला.

"स्वतःच आली असणार," ओकुदा-सान म्हणाले. "टेरियरच ती. पट्टा मुळात अडकला. बाईंना सांगायला हवं." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा दोष नाही, मंदार-सान."

आम्ही दोघं काकूंकडे गेलो. ओकुदा-सान तातामीच्या चटईवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी जपानीत सगळं सांगितलं, हळूहळू, एकही शब्द न टाळता. काकूंनी पट्टा मांडीवर घेतला. काठावरची शिवण बोटांनी चाचपली.  मग त्यांनी विचारलं, तिला वेळ लागला का?

"नाही," ओकुदा-सान म्हणाले. "माती पडली की लगेच. काही कळलंही नसेल."

काकूंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळल्या. मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मंदार, तू यातला आहेस, खरं सांग. पट्टा नसता तर ती निघाली असती ना रे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्यापुढे तो अख्खा प्रसंग उभा राहिला — काय म्हणता येईल, काय म्हणायला हवं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "हो, काकू."

"मग मीच ना," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं तुला, काढू नकोस. मीच शिवला तो." आणि त्यांनी तो पट्टा छातीशी धरला. ओकुदा-सानना मराठी येत नाही. ते मान खाली घालून बसले होते.

त्या आता पुण्यात आहेत. सणावाराला फोन करतात. इराशी तोडकंमोडकं जपानी बोलतात, अश्विनीला लोणच्याचं प्रमाण सांगतात. माझ्याशी बोलताना टिकलीचं नाव कधीकधी निघतं, आणि निघालं की त्या म्हणतात, "माझ्या हातून झालं ते." मी विषय बदलतो. दरवेळी बदलतो. माझी नोकरी टिकली. ओकुदा-सानांनी माझी शिफारस केली.

आणि इथेच मला थांबता आलं असतं. तुम्हाला वाटलं असेल, झालं, एवढंच होतं सांगायचं. मलाही इथेच थांबायचं होतं. पण मधला एक दिवस मी गाळला. रविवारी ते घडलं आणि संध्याकाळी मी काकूंना फोन केला, इथपर्यंत सांगितलं. सोमवारचं सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी, लॅबला निघण्याआधी, मी पुन्हा टेकडीवर गेलो. काकूंच्या बागेतलं फावडं घेऊन गेलो. खणायला नाही. वरची जमीन बसली होती ना, तो खळगा कुणाच्या नजरेला पडू नये, म्हणून त्यात माती लोटायची होती.

मी खळग्याजवळ पोचलो आणि खालून खरवडण्याचा आवाज आला.

चारदोन वेळा खरवडणं, मग थांबणं. पुन्हा चारदोन वेळा. मी जागच्या जागी गोठलो. मला वाटलं, दुसरं कुणीतरी असेल, अनागुमा असेल. मी पाय उचलला, पानं वाजली, आणि खरवडणं थांबलं. मग तो आवाज आला. बारीक, वरच्या पट्टीतला. मी फाटकाशी आलो की ती काढायची तो. तिने माझी पावलं ओळखली होती. रात्रभर ती तिथे होती, आणि तिला वाटलं मी आलो. म्हणजे मी आलो होतोच की. फावडं घेऊन आलो होतो. फार खोलही नव्हती ती. आवाजावरून मला कळत होतं, माझं कामच ते.

किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. डोक्यात एकच हिशेब चालू होता. काकूंना सांगून झालंय की ती रस्त्याकडे पळाली. मोरी-सानना सांगून झालंय. आता ती जिवंत निघाली तर इथे कशी आली, दोरी कुणी बांधली. बाहेर काढावं की नाही असा प्रश्न मला पडलाच नाही. मला प्रश्न पडला तो मी काय सांगू हा.

ती पुन्हा कण्हली. मी काहीही बोललो नाही. बोललो असतो तर तिने उत्तर दिलं असतं.

मी मागे फिरलो. पानं वाजू नयेत म्हणून पाय जपून टाकत उतरलो. फावडं धुवायची गरज नव्हती, त्याला माती लागलेलीच नव्हती. होतं तिथे टेकवून ठेवलं. मोरी-सान अंगणात होत्या. त्यांनी विचारलं, काही पत्ता? मी म्हणालो, अजून नाही. मग गाडीत बसलो, रेडिओ लावला.

लॅबला मी वेळेवर पोचलो.